वाळूशेज : वाहत्या वाळूच्या पलंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूशेज म्हणजे नेमकं काय?

गादीच नसलेला पलंग. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, गुडघाभर उंच असा एक हौद. त्यात काचेच्या बारीक मण्यांचा वीस सेंटिमीटर जाडीचा थर आणि वर सैल, ताणली जाणारी चादर. हौदाचा तळ म्हणजे एक सच्छिद्र फळी, जिच्याखालून हवा सोडता येते. हवा बंद असताना मणी इतके घट्ट बसलेले असतात की वर उभं राहिलं तरी चालेल. हवा सुरू केली की तेच मणी पाण्यासारखे वाहू लागतात आणि माणूस त्यात तरंगतो. अंग मनासारखं रुतलं की हवा बंद करायची. मणी जागच्या जागी बसतात आणि पाठीचा, खांद्यांचा, पोटऱ्यांचा हुबेहूब साचा तयार होतो. झोपेत कूस बदलली की थोडा वेळ पुन्हा हवा येते, जुना साचा मोडतो आणि नव्या कुशीचा तयार होतो.

कल्पना एवढीच. या पानावरचा बराचसा मजकूर त्या शेवटच्या वाक्यातली भानगड कशी निस्तरायची याबद्दल आहे.

विकत कुठे मिळेल?

कुठेच नाही. सध्या काही रेखाटनं, बरेचसे हिशेब आणि बादलीतला एक प्रयोग एवढंच आहे. ज्यांना आजच पाठ टेकायची आहे त्यांनी दुसरं काहीतरी पाहावं.

मऊ गादी असताना हा खटाटोप कशासाठी?

कारण मऊपणा म्हणजे आराम नव्हे. फरशीवर उताणं झोपून पाहा. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांची हाडं, माकडहाडाचा वरचा भाग आणि टाचा, एवढ्याच जागा जमिनीला टेकतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये माणसाच्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब मोजला. केशवाहिनीच्या सुरुवातीला तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका भरला. बाहेरून त्याहून जास्त दाब बराच वेळ पडत राहिला तर तिथलं रक्त अडू शकतं, अशी ढोबळ मर्यादा त्यावरून पुढे रूढ झाली. अंगाला मुंग्या येतात, अस्वस्थ वाटतं आणि आपण झोपेतच हलतो.

आता गंमत पाहा. ७० किलोचा माणूस अर्ध्या चौरस मीटरवर सारखा पसरला, तर दाब येतो पाऱ्याच्या जेमतेम १० मिलिमीटरएवढा. म्हणजे वजन ही अडचण नाहीच, अडचण आहे ती वाटणीची. हाडं जास्त भार घेतात आणि कंबरेची पोकळी फुकट बसून राहते.

मऊ गादी ही वाटणी थोडी सुधारते, पण त्यासाठी अंग रुतवते. आणि रुतलेल्या अंगाला कूस बदलणं म्हणजे खड्ड्यातून बाहेर पडणं. शिवाय सर्वांत जड भाग, म्हणजे नितंब, सर्वांत खोल जातात आणि कणा वाकतो. उलट फार कडक गादीही कामाची नाही. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. ‘पाठ दुखते ना, मग फळीवर झोप’ हा घरोघरचा सल्ला त्या दिवसापासून तरी बंद व्हायला हवा होता.

तर हवं आहे असं काहीतरी, जे पडून असताना अंगाच्या प्रत्येक भागाला टेकू देईल आणि हलताना आडवं येणार नाही. एकाच पदार्थात या दोन गोष्टी बसत नाहीत. म्हणून असा पदार्थ घ्यायचा जो मागाल तेव्हा स्वभाव बदलतो.

वाळू पाण्यासारखी वाहते कशी?

घट्ट बसलेल्या कणांत प्रत्येक कण शेजाऱ्यावर रेललेला असतो आणि घर्षणामुळे कुणीच हलत नाही. खालून हवा सोडली की ती कणांमधल्या फटींतून वर जाताना त्यांना थोडं उचलते. हवेचा हा रेटा कणांच्या वजनाइतका झाला की एकमेकांवरचं रेलणं संपतं. कण सुटे होतात आणि अख्खा थर द्रवासारखा वागू लागतो. पृष्ठभाग सपाट होतो, बुडबुडे येतात, हलकी वस्तू तरंगते, जड वस्तू तळाला जाते. रासायनिक कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरणात ही युक्ती रोजच्या वापरातली आहे.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: ०.१ मिलिमीटर व्यासाचे काचेचे मणी सुटे करायला हवेचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्या आसपास पुरतो. झुळूकसुद्धा म्हणता येणार नाही इतका कमी. पलंगाचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २० लिटर हवा. दाब मात्र वीस सेंटिमीटर थर पेलण्याएवढा, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो. गुणाकार केला तर कागदावर ६० वॉट येतात. सच्छिद्र फळीतून जाताना आणि ब्लोअरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर काहीशे वॉट. घरगुती मिक्सरच्या मोटरने निभावेल असं हे काम आहे.

त्यात माणूस बुडणार नाही ना?

नाही. अशा मण्यांच्या थराची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. माणसाची घनता जवळजवळ पाण्याएवढी. म्हणून ७० किलोचा माणूस फक्त ४७ लिटर जागा रिकामी करतो आणि आडवा झोपला तर दहाएक सेंटिमीटर रुतून थांबतो. खाली तेवढीच जागा उरते. हवा चालू असताना बसलात मात्र पंचाईत आहे. सगळा भार थोड्या जागेवर येतो आणि बूड थेट फळीला लागतं.

मग थर्माकोलचे हलके मणी का नाही घेत? पलंग उचलता तरी येईल.

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर वरच्याच हिशेबात आहे. तरंगायचं असेल तर खालचा द्रव अंगापेक्षा जड हवा. थर्माकोलच्या वाहत्या मण्यांत माणूस दगडासारखा तळाला जाईल. पोकळ काचेच्या मण्यांचंही तेच. जडपणा ही या पलंगाची उणीव वाटते खरी, पण त्याच्याशिवाय पलंगच नाही.

नदीची किंवा समुद्राची वाळू चालेल का?

नको. तिचे कण ओबडधोबड आणि लहानमोठे असतात, त्यामुळे हवा सारखी पसरत नाही. एका जागी कारंजं उडतं आणि बाकीचा थर ढिम्म राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नैसर्गिक वाळूत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो. साध्या काचेच्या गोल मण्यांत सिलिका असली तरी ती स्फटिकरूप नसते. नाव वाळूशेज असलं तरी आत वाळू नाही, एवढी लबाडी आम्ही मान्य करतो.

अशी कल्पना आधी कुणाला सुचली नव्हती का?

सुचली होती आणि बनवलीही गेली. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या वैद्यकीय विद्यापीठात थॉमस हार्जेस्ट या अभियंत्याने १९६० च्या दशकात नेमका असा पलंग तयार केला. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे शल्यविशारद कर्टिस आर्ट्झ त्यांच्या सोबत होते आणि १९६९ मध्ये दोघांनी त्याबद्दल लिहिलं. पाठ पूर्ण भाजलेल्या माणसाला कशावरही निजवलं तरी यातना होतात. मण्यांवर तरंगत ठेवल्यावर त्या कमी झाल्या. हा पलंग आजही रुग्णालयांत भाजलेल्यांसाठी आणि अंथरुणाला खिळून झालेल्या खोल जखमांसाठी वापरतात.

त्याच्याही आधी, १८३२ च्या सुमारास, नील आर्नॉट या स्कॉटिश डॉक्टरांनी पाण्याच्या टाकीवर रबरी कापड टाकून रुग्णाला त्यावर निजवलं होतं. रुग्ण भिजत नव्हता, पण तरंगत होता. हेतू तोच, बेडसोअर टाळायचे.

मग आमचं नवीन काय? रुग्णालयातला पलंग रात्रभर वाहता असतो, कारण तिथला माणूस बहुधा स्वतः हलू शकत नाही आणि त्याला हलवायला माणसं असतात. धडधाकट माणसाला त्यात झोप लागणं कठीण आहे. हात टेकवावा तर हात रुततो, कुशीवर वळायला ढकलावं तर ढकलायला काही नसतं, खोकायला पाठीमागे आधार नसतो. आम्हाला वाहतेपणा फक्त साचा बनण्यापुरता हवा आहे. बाकी रात्र घट्ट.

घट्ट वाळूवर झोपणं म्हणजे फरशीवर झोपण्यासारखंच नाही का?

फरशी सपाट असते, तुम्ही नसता. हा कठीण पृष्ठभाग तुमच्याच आकाराचा आहे. टोचतो तो आकारातला फरक. कंबरेखालची पोकळी भरलेली असेल आणि टाचेखाली टाचेएवढाच खळगा असेल, तर कठीणपणा जाणवत नाही. अपघातात जखमी झालेल्यांना उचलायला मण्यांनी भरलेली आणि आतली हवा ओढून घट्ट केलेली निर्वात गादी वापरतात. तिच्यामागचं तत्त्व हेच.

पण हेही सांगायला हवं की साचा फक्त ज्या स्थितीत बनला त्याच स्थितीत सुखाचा. दोन सेंटिमीटर सरकलात तर हाड नेमकं खळग्याच्या काठावर येतं आणि तो काठ फरशीपेक्षा वाईट. म्हणूनच सगळा खेळ कूस बदलण्याच्या क्षणावर येऊन थांबतो.

झोपेत कूस बदलली हे पलंगाला कळणार कसं?

हौदाच्या चार कोपऱ्यांखाली वजन मोजणारे चार संवेदक आहेत. माणूस हलला की कोणत्या कोपऱ्यावर किती भार गेला यावरून त्याचा गुरुत्वमध्य कुठून कुठे सरकला ते कळतं. नुसता हात उचलला किंवा नाक खाजवलं तर मध्य जागचा फारसा हलत नाही, तेव्हा पलंगाने गप्प राहायचं. श्वासाची लय संथ आणि ठरावीक असते, ती वगळता येते. कूस बदलताना मात्र मध्य आधी एका बाजूला जातो, क्षणभर वर उचलला जातो आणि मग पलीकडे पडतो. ही खूण ओळखायची.

यात आमची सुरुवातीची समजूत अशी होती की हालचाल जाणवताच हवा सोडावी. कुणीही सांगेल ती पद्धत, पण स्वतः आडवं होऊन सावकाश कूस बदलून बघितलं की तिच्यातली खोट दिसते. उताण्याचं कुशीवर होताना आपण आधी गुडघा दुमडतो, टाच रोवतो आणि त्या जोरावर कंबर फिरवतो. खांदा नंतर येतो. टाच रोवण्याच्या क्षणीच खालचं पातळ झालं तर जोर लावायचा कशावर? पाय आत जातो, माणूस दचकतो आणि झोपेचं खोबरं.

म्हणून क्रम उलटा. टाच रोवेपर्यंत सगळं घट्ट. कंबर उचलली गेली आणि मध्य पलीकडे झुकायला लागला की मग हवा, आणि तीही धडाक्यात नाही, हळूहळू वाढवत. शरीर नव्या कुशीवर टेकेपर्यंत मणी सुटे झालेले असतात, अंग रुततं, दोनतीन सेकंदांत हवा तशीच हळू कमी होते. आधी ढकलायला घट्ट, मग रुतायला पातळ. ब्लोअरला एवढ्या झटपट वेग घेता येत नाही, म्हणून दाबाखालची हवा एका टाकीत भरून ठेवायची आणि झडप उघडायची.

झडप किती उघडायची, कधी उघडायची आणि अर्धवट कूस बदलून माणूस मध्येच परत फिरला तर काय करायचं, हे कागदावर सुटणारं नाही. अशी अर्धवट वळणारी माणसं थोडी नसतात.

पाण्याची गादी, मेमरी फोम, चुंबकावर तरंगणारा पलंग, यांत काय कमी आहे?

सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिझाइनच्या चार्ल्स हॉल या विद्यार्थ्याने १९६८ मध्ये आजच्या घडणीची पाण्याची गादी बनवली. तिच्याआधी त्याने मक्याच्या पिठाच्या घट्ट द्रवाने भरलेली खुर्ची करून पाहिली होती. त्या मानाने पाणी हा शहाणपणाचा निर्णय म्हणायचा. पाणी भार छान वाटतं, पण ते कधी घट्ट होत नाही. एक वळला की लाट उठते आणि दुसरा जागा होतो.

मेमरी फोमचा जन्म १९६६ चा. नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो विमानाच्या आसनांकरता तयार केला. तो उष्णतेने मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो, म्हणजे आमच्या कल्पनेच्या सर्वांत जवळचा. पण आकार सोडायला वेळ लावतो. वळलात की आधीचा खड्डा अजून तिथेच असतो.

चुंबकांचा पलंग डच वास्तुरचनाकार यानयाप राउसनार्स यांनी २००६ मध्ये मांडला. जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर वर तरंगणारी काळी शिळा, कोपऱ्यांना बारीक पोलादी दोऱ्या. दोऱ्या शोभेच्या नाहीत. नुसत्या स्थिर चुंबकांनी काहीही स्थिरपणे अधांतरी राहू शकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केलंय. दिसायला पलंग विलक्षण आहे. पण तरंगते ती शिळा, तुमची पाठ नाही. वर जशी गादी टाकाल तसाच आराम.

पलंग झुलतो असंही ऐकलं. खरं का?

हो, आणि हा भाग आम्हाला सर्वांत आवडतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दुपारच्या डुलकीत पलंग संथ झुलवला तर झोप लवकर लागते. २०१९ मध्ये त्याच गटाने १८ तरुणांवर रात्रभर झुलवून पाहिलं. झोप लवकर लागली, गाढ झोपेचा वाटा वाढला आणि सकाळच्या स्मरणाच्या चाचणीतही फरक दिसला. झुलण्याची लय सेकंदाला पाव आवर्तन, म्हणजे चार सेकंदांत एक पूर्ण हेलकावा. हालचाल साधारण दहा सेंटिमीटरची.

आता असा हेलकावा दोरांनी द्यायचा तर लंबकाच्या नियमाने दोर चार मीटर लांब हवा. छताची उंची तीन मीटर असलेल्या खोलीत तीन सेकंदांचाही हेलकावा मुश्किलीने बसतो. तो अंगाला घाईचा वाटतो. म्हणून दोर नाहीतच. पलंगाखाली चार मीटर त्रिज्येचे उथळ वाकलेले रूळ आहेत आणि पलंग त्यांवर चाकांनी फिरतो. मध्यापासून पाच सेंटिमीटर बाजूला गेला की रूळ वर चढतो फक्त ०.३ मिलिमीटर. डोळ्यांना सपाटच दिसतं, पण पलंगाला तो चार मीटरचा झोकाच आहे. लय आपोआप जमत असल्यामुळे आठशे किलोचं धूड हलवत ठेवायलाही मोटरला चाकांच्या घर्षणापुरताच जोर लागतो.

झुलणं फक्त मणी घट्ट असताना. पातळ असताना झुलवलं तर डचमळतात.

उशी लागते का?

पातळशी. डोक्याकडच्या भागाखालची हवा वेगळी बंद करता येते आणि तो भाग रात्रभर घट्टच ठेवायचा. धड दहा सेंटिमीटर खाली आणि डोकं वर असं झालं तर मान मोडेल, म्हणून डोक्याकडची पातळी मुळातच चारपाच सेंटिमीटर खाली घेतली आहे. पालथं झोपणाऱ्यांचं तोंड वाहत्या मण्यांवर कधीच येऊ नये, हेही याचं एक कारण.

उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत बर्फ नाही होणार?

इथे जडपणा कामाला येतो. झोपलेला माणूस साधारण ७५ वॉट उष्णता टाकत असतो. ती सगळीच्या सगळी ६०० किलो काचेत साठली, तरी आठ तासांत तापमान साडेचार अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता वरून निघून जाते, त्यामुळे वाढ त्याहून कमीच. थंड खोलीत मात्र झोपण्याआधी मणी गरम करावे लागतात. २० अंशांवरून ३० वर न्यायला सव्वा ते दीड युनिट वीज.

गरम हवा मुख्यतः पावलांकडून सोडायची. बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की हातपाय उबदार असले तर झोप लवकर लागते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीर आतली उष्णता बाहेर टाकू शकतं. गाढ झोपेसाठी शरीराला आतून थोडं गार व्हावंच लागतं.

घामाचं काय, असंही विचारतात. दर कुशीला खालून कोरडी हवा येते, चादर वाळते. रुग्णालयातल्या रात्रभर चालणाऱ्या पलंगात हीच हवा अंगातलं पाणी कमी करते. इथे ती मिनिटांपुरती आहे.

आवाज?

झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबलच्या वर सतत आवाज नसावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्लोअर शेजारच्या खोलीत किंवा माळ्यावर, मध्ये लवचीक नळी. मणी सुटे होताना मंद सरसर होते. ती काहींना आवडेल, काहींना नाही.

मध्यरात्री वीज गेली तर?

काही होत नाही. मणी जिथे आहेत तिथे बसतात आणि तुम्ही घट्ट साच्यात झोपून राहता. हवेची गादी फुस्स होते, तसं इथे नाही. रुग्णालयातही हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची वेळ आली तर पहिली गोष्ट करतात ती हवा बंद. क्षणात खाली कठीण पाया तयार.

वजन किती? वरच्या मजल्यावर ठेवता येईल?

मणी ६०० किलो, सांगाडा, रूळ आणि माणूस धरून ८०० च्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला ४०० किलो. राहत्या घरांच्या फरशा साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने बांधतात. तळमजला हेच उत्तर. वर ठेवायचाच असेल तर आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा, आम्हाला नको.

दोघांसाठी?

दोन हौद, शेजारी शेजारी. एकच मोठा हौद केला तर एकाच्या कुशीला दुसऱ्याचा साचा मोडतो. भांडणं वाढवायला पलंगाची गरज नाही.

लहान बाळाला किंवा आजारी माणसाला निजवता येईल?

बाळाला अजिबात नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कडक, सपाट आणि रिकाम्या पृष्ठभागावर उताणंच निजवायचं. रुतणारी किंवा आकार बदलणारी कुठलीही गोष्ट त्याच्यासाठी धोक्याची. मणक्याला ताजी इजा झालेल्या माणसालाही वाहता पृष्ठभाग चालत नाही. बाकी आजारांत डॉक्टर सांगतील ते. हा पलंग औषध म्हणून योजलेला नाही.

आडवं होऊन वाचता येईल का?

येईल, पण बसूनच साचा बनवता येत नाही, कारण वर सांगितलं तसं बूड फळीला टेकतं. डोक्याकडे उघडमीट होणारी तिरकी फळी ठेवली आहे. साधी, बिजागरीची. सगळीकडे मणीच कशाला?

चादर आणि साफसफाई?

चादर हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत नाजूक भाग. तिची भोकं मण्यांपेक्षा लहान हवीत आणि हवा जाण्याइतकी मोठी. ती ताणून बांधली तर सगळा हिशेब फुकट जातो. अंग मण्यांवर न टेकता कापडावर लोंबकळतं आणि दाब पुन्हा हाडांवर. म्हणून कडेला भरपूर चुण्या. कोरडे मणी घासले जाऊन स्थिर वीज साठते, तेव्हा सांगाड्याला अर्थिंग हवंच. पाणी सांडलं तर गठ्ठे होतात, ते चाळून काढावे लागतात. आणि मूठभर मणी जरी फरशीवर सांडले तरी लगेच झाडून घ्या. गोल असतात, पाय सरकतो.

घरी छोटा प्रयोग करून पाहता येईल?

नक्की. एक बादली, आत तळापासून थोडी वर बसणारी भोकांची फळी, तिच्यावर घट्ट ताणलेलं जाड कापड. फळीखालच्या पोकळीत व्हॅक्युम क्लीनरची मागून निघणारी हवा सोडायची. हेअर ड्रायरला एवढा दाब जमत नाही. धातू घासायला वापरतात ते काचेचे मणी ०.१ मिलिमीटरच्या आसपासचे घ्या, मिठाच्या दाण्याहून बारीक. वीतभर नको, चार बोटं थर पुरे. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा.

आधी टेबल टेनिसचा चेंडू मण्यांत पुरा आणि वर एक जड लोखंडी नट ठेवा. हवा हळूहळू वाढवा. बराच वेळ काहीच होत नाही. मग पृष्ठभाग किंचित फुगतो, एखाद्या ठिकाणी थरथरतो, आणि अचानक नट दिसेनासा होतो. त्याच वेळी चेंडू वर उसळतो. आता हात घाला. बोटं शिरताना काही अडल्याचं जाणवत नाही, कोरडं आणि कोमट काहीतरी बोटांच्या बेचक्यांतून सरकत राहतं. हात आत असतानाच कुणालातरी हवा बंद करायला सांगा. मनगटापर्यंतचा हात जागीच धरला जातो. ओढून काढायला चांगलीच ताकद लागते आणि काढल्यावर आतली पोकळी लगेच ढासळते. झोपलेल्या अंगाचा साचा उथळ असतो, म्हणून तो टिकतो.

पेटंट घेणार का?

नाही. हवेने मणी वाहते करण्याची युक्ती जुनी आहे, आणि कुशीच्या वेळेचा जो क्रम आम्ही मांडला आहे तो कुणीही वापरावा. बनवलाच कुणी, तर हौदाच्या काठाला रुंद लाकडी पट्टी जरूर ठेवा. सकाळी उठताना हात टेकायला तीच एक जागा आहे.